पळसवाडीचं ग्रहण

माझे वडील भित्रे होते. लेकीनं बापाविषयी असं बोलू नये म्हणतात, पण अख्ख्या केदारखेड्याला जे ठाऊक होतं ते मी एकटीनं का झाकून ठेवायचं? दाराची कडी ते तीनदा चाचपायचे. वाटेत कुत्रं आडवं बसलेलं दिसलं तर ते उठून जाईपर्यंत हे थांबायचे. आभाळ गडगडलं की हात जानव्याकडे. आणि असा हा माणूस निजामाच्या राज्यात, जिथं एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत दोन-दोन कोस चिटपाखरू दिसत नसे, तिथं वर्षातले सहा महिने एकटाच सायकलवर हिंडत असे. आम्ही भावंडं त्यांना अण्णा म्हणायचो. गावासाठी ते गिरिधर जोशी.

अण्णांकडे बारा गावांचं जोशीपण होतं. लग्नाचा मुहूर्त, बाळाची पत्रिका, कोणता सण कोणत्या दिवशी, हे सगळं लोक त्यांना विचारायचे, कारण छापील पंचांग त्या बारा गावांत फक्त आमच्या घरी. तेव्हा कचेरीत फसली सन चाले, ऑगस्टाला तिथं मेहेर म्हणत. पोस्टात इंग्रजी तारखा. आणि शेतकऱ्याच्या घरात श्रावण-भादवा. आज नक्की दिवस कोणता, हे सांगायलासुद्धा माणूस लागायचा. आजोबा तट्टावरून फिरत. तट्टू म्हातारं होऊन मेलं, तेव्हा बदलीवर निघालेल्या एका पोस्टमास्तरांची जुनी सायकल अण्णांनी घेतली.

पहिली अडचण अशी की सायकलची गादी चामड्याची. चामड्यावर बसून लोकांच्या देवघरात जायचं कसं? चार दिवस विचार करून अण्णांनी सोवळ्यातल्या धाबळीचा एक तुकडा कापला आणि गादीवर शिवून टाकला. लोकर कशानं विटाळत नाही, एवढा त्यांना आधार. आई, म्हणजे रमाबाई, बोलायला काही कमी नव्हती. ती म्हणाली, "गादीला सोवळं झालं, आता धोतराला ग्रीस लागतं त्याचं काय?" दुसरी अडचण याहून मोठी होती. अण्णांना चालत्या सायकलवर टांग टाकता येत नसे. दगडावर किंवा ओट्यावर उभं राहून, आधी नीट बसून, मगच ते पायडल मारायचे. त्यामुळे माळरानात कुठंही उतरायची त्यांची टाप नव्हती. उतरायचं तर मैलाच्या दगडापाशी, नाहीतर मग पुढचा दगड येईपर्यंत सायकल हातात धरून चालायचं.

पिशवीत पंचांग, पंप, रबराचे तुकडे, सोल्यूशनची नळी आणि काटे काढायची एक दाभण. आमच्याकडे वाटा बाभळींच्या. उन्हाळ्यात काटे, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, तो चाकात आणि मडगार्डात असा दाटून बसतो की सायकल पुढं ढकलली तरी चाक फिरत नाही. मग काडीनं चिखल काढा, दहा पावलं चला, पुन्हा काढा. तरी अण्णा जायचे. भीती वाटते म्हणून घरी बसणं वेगळं आणि भीत भीत जाणं वेगळं, हे मला फार उशिरा समजलं.

बारा गावांतलं शेवटचं पळसवाडी. पूर्णा ओलांडून डोंगराच्या अंगाला पाच कोस, आठ घरांची वाडी. वाडीच्या माणसांचा बाजार डोंगराकडचा, सोयरीक डोंगराकडची, केदारखेड्याशी त्यांचा संबंध अण्णांपुरताच. तिथं धर्मराज म्हणून एक शेतकरी होता. त्याची बायको सोनूबाई, आई चतुराबाई. सोनूबाईची दोन बाळंतपणं झाली होती आणि पाळणा रिकामाच. पहिलं मूल मेलेलंच जन्मलं, दुसरं आठ दिवस जगलं. पहिल्या खेपेला सुनेनं ग्रहणात मिरची चिरली, असं चतुराबाईचं म्हणणं. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते. चतुराबाईनं आठही घरांसमोर सांगून टाकलं होतं, "ह्या टायमाला काई उणं निंगालं तं धर्मराजचं दुसरं लगीन लावीन. मंग मला बोल लावू नगा."

आषाढ संपताना अण्णा वाडीला गेले. त्यांना पुढं महिनाभर आष्टीला, परतूरच्या बाजूला, एका यजमानाकडे श्रावणाची पोथी वाचायला जायचं होतं. त्याआधी बाराही गावांना सणवार सांगून मोकळं व्हावं म्हणून ते घाईत होते. अकरा गावं बिनचूक झाली. पळसवाडीत सगळं सांगून ते सायकलपाशी आले तर मागचं चाक बसलेलं. पश्चिमेला आभाळ काळं, नदीला पाणी चढायची भीती. ते पंप मारत होते तेवढ्यात सोनूबाई पदर सावरत आली.

"जोशीबुवा, औंदा गिऱ्हाण हाय म्हनत्यात. कवा हाय?"

"पोळ्याच्या अमावास्येला," अण्णा पंप मारता मारता म्हणाले. "सकाळी नवापासून बारापर्यंत."

"पोळ्याला. बराबर?"

"बराबर," अण्णा म्हणाले, आणि निघाले.

चूक एवढीच. ज्यानं पंचांग पाहिलं नाही त्याला ती चूक आहे हेसुद्धा समजणार नाही. त्या वर्षी अमावास्या रविवारी सकाळी लागून सोमवारी दुपारपर्यंत होती. पोळा धरतात संध्याकाळची अमावास्या पाहून, म्हणजे रविवारी. ग्रहण लागणार होतं अमावास्या संपता संपता, म्हणजे सोमवारी सकाळी. बाकीच्या अकरा गावांना अण्णांनी वार सांगितला होता, सोमवार, पोळ्याची कर. कर म्हणजे सणाचा दुसरा दिवस. पळसवाडीला मात्र त्यांच्या तोंडून अमावास्या गेली, आणि शेतकऱ्याची श्रावणातली अमावास्या म्हणजे पोळा, दुसरी कोणतीच नाही.

पोळ्याच्या रविवारी आष्टीत पोथीची समाप्ती होती. पुरणाचा घमघमाट सुटलेला. यजमानीणबाई सहज म्हणाल्या, "बुवा, गिऱ्हाण उद्या ना? आमची जाऊ म्हनती, अमावशेला असतंय म्हंजी आजच." अण्णा हसून म्हणाले, "नाही हो, उद्याच." आणि हसता हसता त्यांच्या हातातली पोथी खाली आली. पंप, बसलेलं चाक, सोनूबाईचा पदर, आणि "बराबर" हा स्वतःचाच आवाज. म्हणजे ती बिचारी आज उपाशी बसली असेल, आणि उद्या, खऱ्या वेळेला, विळी घेऊन भाजी चिरायला बसेल.

तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. समाप्तीची आरती व्हायची होती, जेवणाची पानं मांडलेली होती. अण्णांनी यजमानांना हात जोडले, घरी जायलाच हवं एवढं म्हणाले आणि ओट्यावरून सायकलवर बसले. यजमान रागावले ते कायमचेच. त्या घरी पुन्हा पोथीचं बोलावणं आलं नाही.

परतूर स्टेशनावर गाडी निघून गेलेली, पुढची दुसऱ्या दिवशी. मग रुळाच्या कडेकडेनं जालन्याची वाट. त्यांनी मला हे सांगितलं ते खूप वर्षांनी, आजारी पडून औरंगाबादला माझ्याकडे राहायला आले तेव्हा; पण वाटेतला प्रत्येक ओढा त्यांना आठवत होता. त्या दिवशी माळावर माणूस नाही. पोळ्याचा दिवस, बैल घरी, माणसं घरी, नांगर शेतात उभे. एरवी लांबून एखादं खोपट दिसलं तरी त्यांना धीर यायचा. त्या दिवशी खोपटं होती, पण त्यात कुणी नव्हतं. ते मोठ्यानं स्तोत्रं म्हणत चालले होते आणि मधेच थांबून हिशेब करत होते: आष्टी ते जालना चाळीस मैल, जालना ते केदारखेडा वीस, पुढं वाडी दहा. उद्या नवाला ग्रहणाचा स्पर्श. एकदा एका ओढ्यात सायकल घसरली, ते पडले, गुडघा फुटला. जवळपास दगड नव्हता. पाऊण मैल ते लंगडत सायकल ढकलत गेले, मग मैलाचा दगड आला, त्यावर उभं राहून पुन्हा बसले. कुणी पाहिलं असतं तर हसू आलं असतं. त्यांना रडू येत होतं, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

दिवस मावळताना जालना आलं. पुढं जायची ताकद नव्हती. एका देवळात पाठ टेकली आणि फटफटायच्या आत पुन्हा निघाले.

सोमवारी सकाळी आठच्या सुमारास मी आमच्या दारात रांगोळी घालत होते. ग्रहणाचं पाणी भरायचं होतं म्हणून आई लगबगीत. तेवढ्यात घंटी वाजली आणि अण्णा आमच्या दारावरून, आमच्याकडे बघून, न थांबता नदीकडे निघून गेले. चेहरा चिखलानं माखलेला. आई घागर घेऊन तशीच उभी. "अहो, घर इकडं आहे!" ती ओरडली. अण्णांनी हात हलवला. "महिन्याभरानं आला आणि पाहुण्यासारखा पुढं गेला," आई म्हणाली, पण तिचा आवाज काही ठीक नव्हता.

पूर्णेला छातीभर पाणी होतं. काठावर ग्रहणाच्या अंघोळीसाठी निम्मं गाव जमलेलं. मच्छिंद्र भोई भोपळ्यांच्या सांगडीवरून माणसं पार करायचा. तो म्हणाला, "जोशीबुवा, गिऱ्हाण लागायची येळ झाली, आन तुमी गाव सोडून कुठं चालले? बामनाबिगर आमी काय करावं?"

"मच्छिंद्रा, जल्दी कर. बोलू नको."

त्यानं दोन खेपा केल्या, एकदा सायकल, एकदा अण्णा. त्यात अर्धा तास मोडला. मधोमध सांगड कलंडली आणि अण्णा नाकातोंडात पाणी जाऊन बाहेर निघाले. त्यांना पोहता येत नव्हतं, सांगायला नकोच. पलीकडच्या काठावर खोकत बसले आणि मान वर करून पाहिलं तर ढग इतके दाट की सूर्य कुठं आहे तेच समजेना. पण वेळ झाली होती. ग्रहण लागलं होतं. ग्रहणाची अंघोळ तेवढी फुकटात झाली, असं ते पुढं म्हणायचे, आणि त्या सगळ्या हकिगतीत ते हसायचे ते तिथंच.

वाडी दोन कोसांवर राहिली असताना पुढच्या चाकात काटा गेला. दाभणीनं काढला, पण सोल्यूशनची नळी नदीत गेलेली. अण्णांनी टूब बाहेर ओढली, बांधावरचं ओलं गवत उपटून टायरात ठासून भरलं, वर दोरी आवळली, आणि तसेच ठेचकाळत निघाले. प्रत्येक वळणावर त्यांना वाटे, आता ती विळीवर बसली असेल. आता चिरत असेल. आता.

साडेदहा वाजून गेले होते. उजेड मळकट झालेला, पाऊस येण्याआधी होतो तसा. वाडीत कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. करीचा दिवस, गडीमाणसं झाडाखाली पडलेली. धर्मराजच्या ओट्यावर चतुराबाई वाती वळत होती आणि तिच्याशेजारी सोनूबाई जुनं लुगडं विळ्यानं फाडून, त्याचे तुकडे जोडून, बाळासाठी दुपटं शिवत होती. अण्णा समोर उभे राहिले तेव्हा तिनं नुकताच दातांनी दोरा तोडला.

"या जोशीबुवा!" ती म्हणाली. "अवं, किती भिजलात! काल लई कडक पाळलं बघा म्या. पान्याचा घोट सुदिक न्हाई. पुरनाचा वास येत व्हता, पर बारा वाजेपस्तोर जागची हालले न्हाई. तुमी सांगितलं तसंच बराबर."

"म्या सोता जवळ बसले व्हते," चतुराबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा करडा नव्हता. "ह्या खेपंला पोरीनं बिलकुल चूक केली न्हाई. ढगामुळं गिऱ्हाण दिसलं न्हाई, पर आमी पाळलं."

अण्णा सत्तर मैल एक वाक्य बोलायला आले होते: ग्रहण आज आहे, हातातलं खाली ठेव. ते वाक्य ओठांवर होतं. पण ते बोलले तर चतुराबाई ऐकणार होती. सुनेच्या हातात विळा आहे, तासभर फाडणं-शिवणं चाललं आहे, हे तिला त्या क्षणी कळणार होतं. मग पुढचे चार महिने सोनूबाईनं कसे काढायचे? आणि बाळ सगळं धडधाकट निघालं तरी चतुराबाईला ऊठसूट सुनेकडे बोट दाखवायला जागा होणार होती. अण्णांनी ते वाक्य गिळलं. त्यांनी मला सांगितलं, "उमा, मी भ्यालो म्हणून गप्प बसलो की शहाणपणानं, ते मला अजून सांगता येत नाही."

सोनूबाई आत गेली आणि गूळ-पाणी घेऊन आली. ग्रहण लागलेलं. जोशानं अशा वेळी पाण्याकडे बघायचंसुद्धा नाही. अण्णांनी जन्मभरात एक एकादशी मोडली नव्हती, ताप असतानाही मोडली नव्हती. नको म्हणावं तर ही विचारणार, का नको. त्यांनी तांब्या घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

मग ते म्हणाले, "इकडून चाललो होतो. म्हटलं बाळासाठी रक्षेचा मंत्र म्हणून जावं. दोघी आत बसा. मी उठा म्हणेपर्यंत हातात काही धरू नका." आणि साडेबारा वाजेपर्यंत ते उंबऱ्याबाहेर बसून जेवढे मंत्र येत होते तेवढे म्हणत राहिले. घसा बसला तरी थांबले नाहीत. सोनूबाईला मधेच डुलकी लागली.

घरी आले आणि आठ दिवस तापानं पडले. पुढं जे सुरू झालं ते आम्हा सगळ्यांना कळेनासं होतं. दर पंधरवड्याला अण्णा पळसवाडीला. कधी म्हणे पंचांग विसरलं, कधी म्हणे धर्मराजला सांगायचं राहिलं. आई विचारायची, "तिथं हंडा पुरलाय का तुमचा?" ते चाकात हवा भरत राहायचे. दुसऱ्या गावांत गेले की कुणाच्याही तान्ह्या बाळाला घ्यायचे आणि त्याचा ओठ निरखायचे, कान निरखायचे. बायांना वाटे, बुवांना लेकरांची माया. जेवता जेवता मला विचारायचे, "बाजारात पळसवाडीचं कुणी दिसलं का गं? आपल्यातल्या कुणाशी बोललं का?" त्यांना दोन धास्ती होत्या. एक पोटातल्या बाळाची. दुसरी अशी की केदारखेड्याचं कुणीतरी सहज बोलून जाईल, आमच्याकडे तर ग्रहण करीला होतं.

पौषात निरोप आला. मुलगा झाला, पत्रिका मांडायला या. निरोप आणणारा एवढंच बोलला आणि खाली बघत राहिला. अण्णांनी तशीच सायकल काढली.

बाळ सोनूबाईच्या मांडीवर होतं. वरचा ओठ मधोमध फाटलेला, नाकापर्यंत. त्याला अंगावर पिता येत नव्हतं. ग्रहणानं ओठ फाटत नाही हे मी पुढं तीस वर्षं शाळेत मुलांना शिकवलं, अण्णांनाही शंभरदा सांगितलं. पण त्या दिवशी त्या ओट्यावर असं सांगणारं कुणी नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ऐकणारं कुणी नव्हतं. आठही घरची माणसं जमलेली. आणि त्यात बसला होता कडूबा, चतुराबाईचा सख्खा भाऊ. तो त्याच साली आमच्या केदारखेड्यात शेत वाट्यानं करायला आला होता; तो चतुराबाईचा भाऊ, हे अण्णांना त्या ओट्यावरच कळलं. त्याची लेक लग्नाची होती, आणि आमच्याकडे मामाची मुलगी भाच्याला देतात.

"गिऱ्हाण भवलं," कडूबा म्हणाला. "ह्याला दुसरं काय म्हनायचं?"

"काई भवलं न्हाई," चतुराबाई म्हणाली. "पोळ्याला माझ्या डोळ्याम्होरं पाळलं तिनं. म्या सोता साक्षी हाय."

"पोळ्याला?" कडूबा हसला. "अक्का, केदारखेड्यात तं आमी करीच्या दिशी पाळलं. अख्खं गाव नदीवर व्हतं. हे जोशीबुवा आले व्हते की नदीवर, इचारा त्यायला. करीच्या दिशी तुमची सून काय करत व्हती?"

चतुराबाईनं सुनेकडं पाहिलं. तिला आठवलं असणार, दुपटं, विळा, दातांनी तोडलेला दोरा. सोनूबाईचा चेहरा पांढरा पडला. ती अण्णांकडे वळली.

"जोशीबुवा, तुमीच सांगा. तुमीच म्हनले व्हते. गिऱ्हाण पोळ्यालाच व्हतं ना?"

अण्णांच्या पिशवीत पंचांग होतं. त्यात सोमवार छापलेला होता. ओट्यावरच्या एकालाही वाचता येत नव्हतं.

"पोळ्यालाच होतं," अण्णा म्हणाले.

"मंग आमाला करीला का सांगितलं?" कडूबानं विचारलं.

"चुकलो. तुम्हाला सांगताना चुकलो."

"येकट्या केदारखेड्याला?"

"नाही. अकराही गावांना चुकीचं सांगितलं. पळसवाडीला तेवढं खरं सांगितलं." अण्णांचा आवाज कधी चढत नसे. तो त्या दिवशी चढला. "त्या दिवशी नदी ओलांडून मी इथं आलो, आणि ग्रहण असतं तर मी ह्यांच्या घरचं पाणी प्यालो असतो का? विचार ह्यांना."

"पेले व्हते," चतुराबाई सावकाश म्हणाली. "तांब्याभर पेले व्हते." मग तिनं सुनेच्या मांडीवरचं बाळ उचललं, कापसाचा बोळा दुधात भिजवला आणि त्याच्या तोंडात पिळायला बसली. "कडूबा," ती म्हणाली, "तू आता जेवून घे आन जाय."

कडूबा गेला तो थेट केदारखेड्याला, आणि ही गोष्ट त्यानं चावडीपासून नदीपर्यंत सगळ्यांना सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात पंधरा-वीस माणसं. मी आईच्या मागं उभी होते. कुणी म्हणे, बुवा, आमी खोट्या दिवशी उपाशी मेलो का? कुणी म्हणे, माझ्या सुनेनं पोळ्याला भोपळा कापला, आता काय? एकानं तर भोकरदनच्या जोशाला विचारून यायचं ठरवलं. अण्णा दारात उभे राहून प्रत्येकाला एकच सांगत होते, "हो. माझी चूक झाली." भोकरदनच्या जोशानं ग्रहण करीलाच होतं असं सांगितलं, तेव्हा तर लोक म्हणाले, ह्या माणसाला आपण काय सांगितलं तेसुद्धा धड आठवत नाही. कडूबानं ते वाडीलाही पोचवलं, पण चतुराबाई तांब्याभर पाण्याच्या साक्षीवरून हलली नाही. चार गावांनी त्याच पाडव्याला दुसरा जोशी धरला, मग हळूहळू बाकीच्यांनीही. अण्णा पुढं शाळेत मोडी शिकवू लागले.

पण त्या सकाळी माणसं पांगल्यावर आईनं दार लोटलं. ती शांत होती, आणि ती शांत असली की मला जास्त भीती वाटायची. तिनं कोनाड्यातलं पंचांग काढलं, पान उघडलं आणि अण्णांसमोर धरलं.

"मला वाचता येतं," ती म्हणाली. "सोमवारच आहे. तुम्ही चुकला नव्हता. बारा गावांसमोर स्वतःच्या तोंडानं स्वतःला खोटं का पाडलंत?"

अण्णांनी पंचांग मिटलं.

"सोनूबाईला तिथं नांदायचंय," ते म्हणाले.